कुलाब्यातील बिस्मथ: एक धातू, दोन स्वभाव

१/ कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आपल्या इतिहासलेखनात येते ती बहुधा होमी भाभा आणि अणुशक्ती यांच्या संदर्भात. २०१६ साली तेथे झालेल्या एका मोजमापाची दखल मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही घ्यावी असे मला वाटते. ते मोजमाप होते बिस्मथ या धातूचे. #थ्रेड

२/ १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांना आढळले की, ४.२ केल्विनच्या आसपास पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. तिचा समाधानकारक उलगडा व्हायला १९५७ उजाडले.

३/ तो बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी केला. धावणारा इलेक्ट्रॉन भोवतालच्या धनभारित अणुजाळीला किंचित आपल्याकडे ओढतो. जाळीच्या या कंपनांचा पुंज म्हणजे फोनॉन. जाळी पूर्ववत होण्याआधीच दुसरा इलेक्ट्रॉन त्या ओढीत सापडतो आणि एरवी परस्परांना दूर लोटणाऱ्या दोघांची जोडी जमते. अट एकच: इलेक्ट्रॉन चपळ हवा, जाळी त्या मानाने संथ हवी.

४/ या उलगड्याच्या तीन वर्षे आधी, १९५४ मध्ये, जर्मनीत बुकेल आणि हिल्श यांनी बिस्मथची वाफ अतिथंड पृष्ठावर गोठवली होती. अणूंना रांगेत बसायला अवसरच मिळाला नाही. जो जेथे पडला तेथेच थिजला. असा अस्ताव्यस्त पातळ थर सुमारे ६ केल्विनला अतिसंवाहक झाला. थर तापवताच अणूंनी स्फटिकाची शिस्त धरली आणि तो गुण गेला!

५/ कारण असे की, अस्ताव्यस्त थरात मोकळे इलेक्ट्रॉन विपुल असतात आणि फोनॉनांशी त्यांचे नाते घट्ट असते. शुद्ध स्फटिकात मात्र साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर अतिसंवाहकता संभवत नाही, असाच बहुतेकांचा समज होता.

६/ ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी कुलाब्यात तो पडताळून पाहिला. तांब्यातील अणुकेंद्रके प्रबळ चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला वळवायची आणि मग ते क्षेत्र हळूहळू उतरवायचे, म्हणजे तापमान खाली जाते. या युक्तीने थंड केलेला बिस्मथचा स्फटिक ०.०००५३ केल्विनला अतिसंवाहक झाला. पातळ थराच्या तुलनेत हे तापमान दहा हजारपटींहून कमी!

७/ ही अवस्था इतकी नाजूक की सुमारे ५ मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्रही तिला मोडते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र त्याच्या कितीतरी पट. म्हणून स्फटिकाला पृथ्वीपासूनही झाकून ठेवावे लागले.

८/ डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ने हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आता वर सांगितलेली अट आठवावी. बिस्मथच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा इतकी अल्प असते की ती जवळपास फोनॉनांच्याच पातळीवर येते. चपळ कोण आणि संथ कोण, हा भेदच उरत नाही. पातळ थर १९५७ च्या चौकटीत बसतो. त्याच धातूचा स्फटिक बसत नाही, आणि तो का बसत नाही हा प्रश्न कुलाब्याने भौतिकशास्त्रापुढे ठेवला.