तळटीप : प्रभुभोजन

३. प्रभुभोजन : क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवला, त्याचे स्मरण. कॅथलिक लोक याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात. भाकर व द्राक्षरस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त नेमके कोणत्या अर्थाने, याविषयी पंथापंथांत जुना वाद आहे. त्या वादाहून मोठी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे : येशूला धरून देणारा यहूदाही त्या जेवणाला बसला होता. येशूला ते ठाऊक होते, तरी त्याने त्याला उठवले नाही. देवाची प्रीती पात्रता पाहून पान वाढत नाही, हा या विधीचा गाभा. करिंथ येथे सधन आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्या मंडळीला कडक शब्दांत फटकारले ते याचसाठी.

आपल्याकडे पंगत आणि पाणवठा जातीने वाटलेले असताना एका भाकरीचे तुकडे सर्वांनी घेणे ही साधी बाब नव्हती. बीडच्या शेजारी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. ख्रिस्ती होताना सोवळे सुटेपर्यंतची स्वतःची घालमेल लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त प्रांजळपणे लिहिली आहे, ती प्रस्तुत प्रकरणासोबत अवश्य वाचावी. बीड जिल्ह्यातील कॅथलिक मंडळी १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. या भोजनाची खास उपासना ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साधारण त्याच सुमारास गावी परतत असतात.