औषध निवडणारा घोडा

इंदुरात पागनीसपागा हे नाव अजून रूढ आहे. होळकर-शिंद्यांच्या फौजा घोडदळावर उभ्या होत्या, त्यामुळे पागा, खरारा, चंदी, तोबरा हे शब्द आपल्या घरांतून वावरले. शालिहोत्राच्या परंपरेत घोड्याचे औषध वैद्य ठरवी आणि मोतद्दार ते पाजी. ब्रिटनमध्ये कॅरोलिन इन्ग्रॅम यांनी रुजवलेल्या पद्धतीत औषधासमोर घोड्यालाच उभे करतात आणि निवड त्याच्यावर सोडतात. त्या पद्धतीची ही ओळख.

कल्पनेचा उगम

१९८७ साली टांझानियातील महाले पर्वतात मायकेल हफमन व मोहमेदी सैफू यांनी एका आजारी चिंपांझी मादीला एरवी टाळल्या जाणाऱ्या कडू झुडपाचा गर चोखताना पाहिले. पुढे मेंढ्यांवरील प्रयोगांतही दिसले की, विशिष्ट त्रासावर कशाने आराम पडतो हे त्या अनुभवाने शिकतात. पाळीव घोड्याला मात्र रानात हिंडून वनस्पती शोधता येत नाही. म्हणून त्या त्याच्यासमोर आणायच्या, असा हा विचार आहे.

पद्धत

घोडा मोकळा हवा, बांधलेला नको. चारा-पाणी जवळ असावे, म्हणजे भुकेपोटी निवड होणार नाही. लव्हेंडर, गाजराच्या बिया, पुदिना यांसारख्या तेलांची एकेक बाटली थोड्या अंतरावर धरतात. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आणि त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. नाकपुड्या फुलणे, डोळे अर्धे मिटणे, वरचा ओठ उलटा दुमडणे ही रस असल्याची चिन्हे मानतात. मान फिरवली किंवा तो निघून गेला, तर उत्तर ‘नको’. तेल चाऱ्यात मिसळणे किंवा जबरदस्तीने अंगाला चोळणे या पद्धतीत बसत नाही, कारण मग नकार द्यायला जागाच उरत नाही.

मर्यादा

लव्हेंडरच्या वासाने बिथरलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके लवकर उतरतात, असे काही छोट्या प्रयोगांत आढळले आहे. पण आवड म्हणजे गरज नव्हे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात घोड्यांनी वाळवलेला लसूण मोठ्या प्रमाणात आपखुशीने खाल्ला आणि त्यांना रक्तक्षय झाला. आपल्या अंगणातली कण्हेर तर घोड्याला थोड्या पानांतही मारक ठरते. ती निवडीसाठी कधीच पुढे करू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात गेलेले परत निघत नाही. स्पर्धेतल्या घोड्यांनी व्हॅलेरियन आणि मिरचीतील कॅप्सेसिन टाळावे. आंतरराष्ट्रीय नियमांत दोन्हींवर निर्बंध आहेत.

आमचे मत

पोटशूळ, ताप, लंगडणे, चारा सोडणे अशा वेळी बाटल्या काढत बसू नये, थेट पशुवैद्याला बोलवावे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे घोडा आहे किंवा ज्यांची मुले रायडिंग क्लबला जातात, त्यांनी या पद्धतीतून एक सवय जरूर उचलावी. खरारा करताना, खोगीर चढवताना घोड्याचे कान, डोळे, नाकपुड्या पाहाव्यात आणि त्याचा नकार ओळखावा. औषध कोणते हे पशुवैद्य ठरवील. घोड्याला काही दुखते आहे, हे मात्र रोज त्याच्याजवळ असणाऱ्यालाच आधी कळते.