वैद्याची चूक आणि रोग्याची भरपाई

वैद्याच्या हातून चूक झाली तर त्याला शासन व्हावे, ही कल्पना मानवाला फार प्राचीन काळी सुचली. त्या चुकीने ज्याचे शरीर कायमचे अधू झाले, किंवा ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याच्या पदरात काही पडावे, ही कल्पना मात्र सुचावयास पुष्कळ शतके जावी लागली. शासन आणि भरपाई या दोन गोष्टी आज एकाच श्वासात उच्चारल्या जातात. परंतु एकीचे पैसे राजाच्या खजिन्यात जातात, तर दुसरीचे पीडिताच्या हाती, आणि या दोहोंतील अंतर तोडावयास मनुष्यजातीला किती श्रम पडले हे पाहण्याजोगे आहे.

इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने आपले कायदे दगडावर कोरविले. त्यांत असे आहे की, वैद्याने शस्त्र चालविले आणि त्यामुळे प्रतिष्ठित नागरिक दगावला किंवा त्याचा डोळा गेला, तर वैद्याचे हात तोडावे. पण तोच रोगी एखाद्याचा गुलाम असून दगावला, तर वैद्याने धन्याला त्याच्या बदली दुसरा गुलाम द्यावा, आणि गुलामाचा डोळा गेला तर त्याची निम्मी किंमत मोजावी. म्हणजे भरपाई होती, पण ती रोग्याला नव्हे, त्याच्या मालकाला. गुलाम ही मालमत्ता, म्हणून तिच्या नुकसानीचा हिशेब होऊ शकला. प्रतिष्ठिताच्या डोळ्याची किंमत कोणाला करता येईना, म्हणून त्याला वैद्याचे तोडलेले हात मिळाले. ते घेऊन त्या आंधळ्याने काय करावे, हे राजाने सांगितले नाही.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी हात तोडण्यापर्यंत मजल नेली नाही. मिथ्या उपचार करणाऱ्या वैद्याला मनूने दंड सांगितला आहे. रोगी पशू असेल तर प्रथम साहस आणि मनुष्य असेल तर मध्यम साहस. मनूच्याच मापाने हे दंड अनुक्रमे २५० आणि ५०० पणांचे होतात. याज्ञवल्क्याने त्यात तिसरी पायरी घातली. रोगी राजपुरुष असेल तर उत्तम साहस! कौटिल्याची दृष्टी अधिक बारीक आहे. प्राणाला धोका असलेल्या रोगावर अधिकाऱ्यांना न कळविता उपचार केला आणि रोगी मेला तर एक दंड, वैद्याच्या कर्मातील दोषामुळे मेला तर त्याहून मोठा दंड, आणि मर्माला इजा झाली किंवा व्यंग आले तर तो मारहाणीचाच प्रकार समजावा, असे तो सांगतो. नशिबाने आलेले मरण आणि वैद्याच्या कर्माने आलेले मरण यांतील भेद त्याने ओळखला, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि हे सारे दंड राजाचे. दुसऱ्याचे अंग दुखावणाऱ्याने त्याच्या औषधपाण्याचा खर्च सोसावा, असे मनूने मारहाणीच्या प्रकरणी स्पष्ट म्हटले आहे, परंतु वैद्याला उद्देशून असलेल्या श्लोकात ते शब्द नाहीत. बीज हाताशी असून तेवढ्या एका वाफ्यात पेरावयाचे राहून गेले, असेच म्हटले पाहिजे.

भरपाईची वाट पुढे आपल्या न्यायालयांत आली ती इंग्रजी कायद्याच्या हाताला धरून. १३७४ साली लंडनच्या राजन्यायालयात एका स्त्रीच्या जखमी हाताचा दावा चालला. शस्त्रवैद्याने हात बरा करण्याचे कबूल केले आणि हात बिघडविला, ही तक्रार. दावा अर्जातील तांत्रिक उणिवेमुळे बुडाला, पण न्यायाधीश जाता जाता बोलून गेले की वैद्याने आपल्याकडून होईल तेवढे मन लावून केले असेल तर तो दोषी नव्हे. यातून निघणारा अर्थ असा की, तसे केले नसेल तर तो दोषी ठरू शकतो. चारशे वर्षांनी, १७६७ साली, न्यायालयासमोर एक मोडलेला पाय आला. हाड जुळत आले होते आणि रोग्याला फक्त पट्टी सोडवून हवी होती. लंडनच्या प्रसिद्ध सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील बेकर नावाच्या नामांकित शस्त्रवैद्याने त्याला न विचारता ते जुळते हाड पुन्हा मोडले आणि पायाला दात असलेले एक जड पोलादी यंत्र लावून पाहिले. ज्यूरीने ५०० पौंड भरपाई ठरविली आणि न्यायालयाने ती कायम केली. इतर शस्त्रवैद्यांनीच साक्षीत सांगितले होते की असे काही करण्यापूर्वी रोग्याची संमती घेण्याची रीत आहे, म्हणजे त्यालाही मनाची तयारी करता येते. संमतीचा मुद्दा न्यायालयात इतक्या स्पष्टपणे मांडला गेल्याचे हे फार जुने उदाहरण होय.

पाय बिघडला तर दावा लावता येई, पण माणूस मेला तर? इंग्रजी कायद्याचे जुने सूत्र असे की माणसाबरोबर त्याचा दावाही मरतो. त्यामुळे अंग दुखावणाऱ्याला भरपाई द्यावी लागे आणि जीव घेणारा मात्र फुकट सुटे. आगगाड्यांच्या अपघातांनी हा विपर्यास असह्य केला, तेव्हा १८४६ साली इंग्लंडात कायदा होऊन मृताच्या आप्तांना दाव्याचा हक्क मिळाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा झाला. मृताची पत्नी किंवा पती, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागता येईल, असे त्यात ठरले. कायदा पुस्तकात पडून होता. वैद्यकीय हयगयीच्या बाबतीत त्याचा कस कसा लागतो, हे दिसावयास आणखी शंभर वर्षे लागली, आणि ते दिसले महाराष्ट्रातच.

१९५३ सालच्या मे महिन्याची सहावी तारीख. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावच्या वाळूच्या किनाऱ्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास, वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. बिऱ्हाड तेथून दीड मैलावर. बाज आणून त्याला घरी नेण्यातच रात्र झाली. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधून तो स्थिर केला, पुण्यास नेण्याचा सल्ला दिला, आणि पुढे फळ्यांच्या जागी योग्य बनावटीच्या पट्ट्या मिळवून बांधल्या. मोटारीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून नऊ तारखेस मुलगा पुण्यात पोहोचला. एका रुग्णालयात क्ष-किरणांखाली पाहता हाडाची टोके एकमेकांवर चढलेली दिसली. तेथून त्याला शहरातील एका प्रसिद्ध शस्त्रवैद्यांच्या रुग्णालयात नेले, आणि दुपारी सव्वादोनला त्याला दाखल करून घेतले गेले. दोन्ही पक्षांची नावे कायद्याच्या पुस्तकांत छापलेली आहेत. येथे त्यांच्या उच्चाराचे प्रयोजन नाही.

शस्त्रवैद्यांनी मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यावयास सांगितली. सहायकाने एकच दिले. क्ष-किरण छायाचित्रे घेऊन मुलाला वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात नेले. तासाभराहून थोडा अधिक वेळ तो तेथे होता. साडेपाचला पायाला प्लास्टर घालून त्याला खोलीत आणले. सातपर्यंत गुंगी उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला निघून गेले, आई जवळ बसून राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जात आहे आणि खोकला येत आहे, हे तिच्या ध्यानात आले. धावाधाव झाली, उपचार चालले, आणि रात्री नऊला मुलगा गेला. चरबीचा कण रक्तवाहिनीत अडकल्याने मृत्यू आला, असा दाखला मिळाला.

आईबापांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, पुरेशी भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसविण्यात आले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. शस्त्रवैद्यांचा बचाव असा की, लांबच्या प्रवासाने शिणलेल्या मुलाचे हाड त्या दिवशी बसवावयाचेच नव्हते. ते काम ४८ तास पुढे ढकलले होते आणि पायाला केवळ हलका ताण देऊन प्लास्टर घातले होते. आता बंद दारामागे काय घडले हे सांगावे कोणी? आत होते ते रुग्णालयाचे लोक, आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो साक्ष द्यावयास उरला नव्हता. वैद्यकीय हयगयीच्या दाव्यातील खरी अडचण हीच. दुःख वादीपाशी असते आणि पुरावा प्रतिवादीपाशी. एका वैद्याविरुद्ध दुसरा वैद्य साक्षीला उभा राहावा, हेही सहसा घडत नाही.

तरीही खालच्या न्यायालयाने आईबापांचे म्हणणे खरे धरले, मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रवैद्यांचे अपील फेटाळले. भरपाईची रक्कम होती ३,००० रुपये. अपघातापासून पंधरा वर्षे लोटली होती. एवढ्यासाठी कोणी पंधरा वर्षे झगडतो काय, असे व्यवहारी माणूस विचारील. परंतु मुलगा नशिबाने गेला की कोणाच्या हयगयीने गेला, या प्रश्नाचे उत्तर ज्याला अधिकारवाणीने हवे आहे, त्याला न्यायालयावाचून दुसरे दार नाही.

त्या निवाड्यात न्यायमूर्ती शेलट यांनी वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली आहेत. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही ठिकाणी काळजी घेतली पाहिजे. काळजी किती, तर अत्युच्च नव्हे आणि अगदी हीनही नव्हे. त्या परिस्थितीत वाजवी असेल तेवढी. रोगी बरा झालाच पाहिजे असा हा हट्ट नाही. वैद्य देव नव्हे, हे कायद्याला ठाऊक आहे. वैद्यकीय हयगयीचे जे दावे भारतात पुढे झाले, त्यांत हा निवाडा पुन्हापुन्हा उद्धृत झाला. तीन हजारांच्या दाव्याने मिळविलेले हे धन मोजणे अवघड आहे.

पुढे वाट थोडी रुंद झाली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. आपण देतो ती विकाऊ वस्तू नव्हे, असे म्हणून वैद्यवर्गाने त्याला विरोध केला. परंतु १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की मोबदला घेऊन केलेला उपचार ही या कायद्याखालील सेवाच होय. त्यामुळे दिवाणी न्यायालयाच्या भारी शुल्कावाचून तक्रार करण्याची सोय झाली. आता १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. पुराव्याच्या बाबतीतही एक पाऊल पडले आहे. रोग्याने आपली कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी, असे वैद्यकीय आचाराच्या २००२ च्या नियमांत आहे. पालशेतच्या आईबापांपाशी असा नियम नव्हता.

शासनाची बाजूही न्यायालयाने वेगळी काढून ठेवली. ५ ऑगस्ट २००५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वैद्याला फौजदारी गुन्ह्यात गोवावयाचे तर हयगय ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे. खटल्याच्या भीतीने हात कापणारा शस्त्रवैद्य रोग्याच्या काय कामाचा? हा विचार योग्यच आहे. चुकीचा भार पैशाने उचलावयास लावणे आणि तुरुंगात टाकणे यांत फरक राहिला पाहिजे.

रकमाही वाढल्या. १९९८ साली एका अनिवासी भारतीय स्त्रीवर कलकत्त्यात चुकीचे उपचार झाले आणि तिचा मृत्यू झाला. २०१३ साली, म्हणजे येथेही पंधरा वर्षांनी, तिच्या पतीला सुमारे ६ कोटी रुपये देवविण्यात आले. त्यांतील ५ कोटी ७२ लाखांहून अधिक रक्कम तिच्या बुडालेल्या मिळकतीपोटी होती. सहवास गमावल्याबद्दल १ लाख. कमावत्याचे मरण महाग आणि न कमावत्याचे स्वस्त, असा हा हिशेब आहे. हम्मुराबीच्या गुलामाची किंमत ज्या तागडीत केली गेली, ती अजून पुरती मोडलेली नाही, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे सोपे नाही.

१९९५ च्या निवाड्याने एक दार मात्र उघडले नाही. जेथे सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात, अशा सरकारी व धर्मादाय रुग्णालयांतील रोगी ग्राहक ठरत नाही. त्याला जुन्या दिवाणी वाटेनेच जावे लागते. ती वाट कशी असते हे औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातील एका प्रकरणावरून कळते. १९६३ च्या जुलैत तेथे एक स्त्री प्रसूत झाली, नंतर तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली, आणि रक्त टिपावयाचे फडके तिच्या पोटातच राहिले. पुन्हा पोट उघडून ते काढले, पण त्याच महिन्यात ती दगावली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, तो उच्च न्यायालयात सरकारपुरता रद्द झाला. रुग्णालय चालविणे हे काही राज्याच्या सार्वभौमत्वाचे कृत्य नव्हे, आणि नेमके कोणत्या डॉक्टरने फडके विसरले हे वादीने दाखविण्याची गरज नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा पुन्हा उभा केला. तारीख होती २० फेब्रुवारी १९९६.