शिकाऱ्यांची फजिती आणि एक चिमणी

हिवाळा लागला की विंचूरच्या आकाशातून बदकांचे थवे जातात. त्यातले कितीतरी उतरतात आमच्याच निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. पुढे गाळ साचला, दलदल वाढली, पाखरे आली. पाखरांमागे बंदूकवालेही आले.

शिकारीचा इतिहास म्हटला की लोकांना वाघ-चित्ते आठवतात. आमच्या घरांत आठवण निघते ती तितर, लाव्हे आणि बदकांची. तीही बहुधा फजितीची! लाव्हा ऐन पायाखालून भुर्रकन उडतो आणि शिकारीच दचकतो. पाणलावा, म्हणजे इंग्रजांचा स्नाइप, उडताना अशी नागमोडी वळणे घेतो की नेम धरावा कुठे, हेच कळत नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज फौजी याच्या मागे धावत. ‘स्नायपर’ हा शब्द त्यातूनच निघाला. अचूक नेमबाजाला नाव मिळाले ते नेम चुकवणाऱ्या पाखरावरून!

आमचे दादा १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीची हकीकत सांगत. बदक छर्रा लागून पाण्यात पडले. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची तर ते जिवंत हाती यायला हवे. दादा सुरी घेऊन धावले आणि दलदलीत मांडीपर्यंत रुतले. सोबत्यांनी ओढून काढेपर्यंत बदकाने मान टाकली होती. घरी दादीने मसाला वाटून ठेवला होता. त्या रात्री त्यात वांगी पडली.

ही गोष्ट आम्ही वर्गात रंगवून सांगितली. मुले पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी एका मुलाने दप्तरातून मेलेला लाव्हा काढला. गुलेलीने मारला होता. “सर, हा हलाल आहे का?” वर्ग पुन्हा हसला. आम्हाला मात्र हसता आले नाही. १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेही संपले, हे आम्ही सांगितलेच नव्हते.

त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवून सलीम अलींची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा पोरका मुलगा मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढला. हाती छर्‍याची बंदूक. १९०६-०७ च्या सुमारास त्याने घरट्याशी पहारा देणारा चिमणा मारला. चिमणीने दुसरा जोडीदार आणला; त्याने तोही मारला. सात दिवसांत आठ चिमणे पडले आणि पोराने त्याची नोंद लिहून ठेवली. पुढे एकदा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी हाती आली. ही खावी का, असा प्रश्न पडला. मामा स्वतः पक्के शिकारी. पण त्यांनाही ती ओळखता आली नाही! त्यांनी भाच्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथे मिलर्ड साहेबांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पाखरांनी भरलेली कपाटे उघडून दाखवली. त्या दिवसापासून मुलाची वाट बदलली. १९८५ च्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावही त्या चिमणीवरूनच आहे.

नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ. आम्ही त्या मुलाला तिथे घेऊन गेलो. दुर्बीण त्याच्या हातून सुटेना. परतताना म्हणाला, “सर, तुमचे दादा नेमके कुठे रुतले होते?”

जागा आम्हालाही ठाऊक नव्हती. समोर दलदलीत बदके निवांत चरत होती.