दुसऱ्या खेपेचे फेलो

ऑक्टोबर १९०६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसात तेवीस वर्षांचा एक कारकून रुजू झाला. सुरुवातीलाच त्याच्या वाट्याला आलेलं एक काम म्हणजे आयरशर जातीचे दहा तरणे वळू बोटीने मुंबईला रवाना करणं. कचेरीत काम बेताचंच. त्यामुळे फायली उरकल्या की हा गृहस्थ सरकारी वेळेतच संभाव्यतेवरचा आपला प्रबंध लिहीत बसे. तो पदवीसाठी नव्हता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात फेलोशिपच्या अर्जाला जोडायचा होता. कारकुनाचं नाव जॉन मेनार्ड केन्स.

तरुणाने फेलोशिपसाठी प्रबंध सादर करण्याची रीत तेव्हा तशी नवीच होती. त्याआधी फेलोशिप म्हणजे परीक्षेत पहिल्या नंबरात आल्याचं बक्षीस. वर जेवणाखाणाची, राहण्याची सोय आणि वर्षाचा तनखा. पण अटी मठातल्या. १८७१ च्या कायद्यापर्यंत चर्च ऑफ इंग्लंडवरच्या निष्ठेची शपथ आडवी येई. तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी तर त्या शपथेशी प्रामाणिक राहता येत नाही म्हणून १८६९ मध्ये केंब्रिजच्याच ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप सोडून दिली. लग्नाचंही तसंच. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८७७ मध्ये मेरी पेलीशी लग्न केलं आणि सेंट जॉन्सची फेलोशिप गमावली. ही आडकाठी दूर झाली ती १८८२ च्या नव्या नियमांनी.

बाईमाणसाला मात्र या कॉलेजांचं दारच बंद. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरच्या, म्हणजे पहिल्या आलेल्याच्याही, वर आल्या, तरी त्यांना ना तो किताब मिळाला, ना पदवी. केंब्रिजने बायकांना पदव्या दिल्या त्या १९४८ पासून, आणि किंग्जमध्ये विद्यार्थिनी आल्या १९७२ मध्ये.

आपल्याकडे रँग्लर म्हटलं की रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आठवतात. दापोलीजवळच्या मुर्डीचे परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, १९०१ मध्ये सेंट जॉन्सचे फेलो. पण फर्ग्युसनला दिलेला शब्द होता. ते पुण्याला परतले, पंचाहत्तर रुपये पगारावर शिकवू लागले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. फेलोशिप १९०७ पर्यंत चालू होती. कॉलेज केंब्रिजला आणि फेलो पुण्यात, यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही.

परीक्षेच्या जागी प्रबंध आला आणि निवडणाऱ्यांचं काम अवघड झालं. परीक्षेत गुण मोजता येतात. अर्धवट पिकलेला विचार कसा मोजायचा? तत्त्वज्ञ जी. ई. मूर १८९७ मध्ये ट्रिनिटीत नापसंत ठरले, पुढच्या वर्षी निवडून आले. केन्स यांचंही तेच झालं. मार्च १९०८ मध्ये नकार मिळाला. परीक्षकांपैकी एक होते आल्फ्रेड व्हाइटहेड, जे स्वतः १८८४ मध्ये असाच प्रबंध देऊन ट्रिनिटीचे फेलो झाले होते. केन्स यांनी इंडिया ऑफिसची नोकरी सोडली, प्रबंधावर पुन्हा हात फिरवला आणि मार्च १९०९ मध्ये फेलो झाले. पुस्तक निघायला मात्र १९२१ उजाडलं.

गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांना १९१७ मध्ये ट्रिनिटीकडून मिळालेला नकार वेगळ्या जातीचा होता. काळा माणूस फेलो म्हणून नको, असं निवडणाऱ्यांपैकी एकाने उघड म्हटल्याचं ट्रिनिटीतले गणितज्ञ लिटलवुड यांनी नोंदवलं आहे. शिवाय रामानुजन यांची बाजू मांडणारे गणितज्ञ जी. एच. हार्डी युद्धविरोधी तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे पाठीराखे, म्हणून ट्रिनिटीत अप्रिय. मग हार्डींनी वाट वाकडी केली. मे १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आता त्यांना नाकारायचं तर कॉलेजचीच शोभा झाली असती. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीने त्यांना निवडलं : वर्षाला सुमारे २५० पौंड, सहा वर्षं, कामाची कसलीही सक्ती नाही. रामानुजन तेव्हा आजारी होते. दीड वर्षात ते गेले.

पहिल्याच खेपेला पार पडणारेही होते. १९३५ मध्ये बावीस वर्षांचे ॲलन ट्युरिंग किंग्जचे फेलो झाले. त्यांनी प्रबंधात सिद्ध केलेलं प्रमेय लिंडेबर्ग नावाच्या गणितज्ञाने १९२२ मध्येच सिद्ध केलेलं होतं. ट्युरिंगना ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या वाटेने न जाता तिथवर पोचलेल्या पोराला कॉलेजने ३०० पौंड तनखा दिला.

आज अशा जागांसाठी शेकडो अर्ज येतात. संशोधनाचा आराखडा, शिफारसपत्रं, निवडक लेखन, कुठे कुठे मुलाखत, आणि होकार-नकार ईमेलवर. १९३३ मध्ये निकालाची यादी ट्रिनिटीतच लागायची. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी आपली निवड होणार नाही असं गृहीतच धरलं होतं. सामान बांधून, टॅक्सी करून ते ऑक्सफर्डला निघाले होते. स्टेशनच्या वाटेवर, कुणाकुणाची वर्णी लागली ते बघावं म्हणून त्यांनी ट्रिनिटीपाशी टॅक्सी थांबवली आणि ते यादी पाहायला आत गेले. यादीत त्यांचं नाव होतं.