पांढऱ्या नाकाचा रोग: वटवाघळांची शीतनिद्रा मोडणारी बुरशी

‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ अर्थात पांढऱ्या नाकाचा रोग हा शीतनिद्रा घेणाऱ्या कीटकभक्षी वटवाघळांना होणारा बुरशीजन्य विकार आहे. ‘स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स’ नावाची बुरशी त्यांच्या नाकावर, कानांवर आणि पंखांच्या पातळ कातडीवर वाढते; नाकावर दिसणाऱ्या पांढऱ्या लवेवरून रोगाला हे नाव पडले. उत्तर अमेरिकेत या रोगाने लाखो वटवाघळे मेली आहेत. कोविडनंतर, आणि महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाहचे अंश सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जाहीर केल्यानंतर, वटवाघूळ म्हटले की मराठी माणूस दचकतो. म्हणून आधीच सांगितलेले बरे: हा रोग माणसाला होत नाही. माणूस येथे रुग्ण नसून वाहक आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाऊ कॅव्हर्न्स या गुहांत टिपलेल्या एका छायाचित्रात ही पांढरी नाके प्रथम दिसली. हे पर्यटकांचे गजबजलेले ठिकाण आहे, हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा. पुढच्याच हिवाळ्यात त्या परिसरातील गुहांच्या जमिनीवर मेलेल्या वटवाघळांचा खच दिसू लागला. २००९ मध्ये बुरशीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि रोगाचे कारण तीच, हे २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. २०१६ मध्ये हा रोग एकदम पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात प्रकटला. मधला मोठा भूभाग तेव्हा रोगमुक्त होता. तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. त्यांपैकी लांब कानांच्या उत्तरी वटवाघळाला अमेरिकेने २०२२ मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरवले.

ही बुरशी विष पाजत नाही, झोप मोडते. सात-आठ ग्रॅम वजनाचे वटवाघूळ शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर अख्खा हिवाळा काढते. शीतनिद्रेत त्याच्या देहाचे तापमान गुहेच्या तापमानाजवळ येते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रोगप्रतिकारशक्तीही जवळजवळ निजते. निरोगी वटवाघूळ दोन-तीन आठवड्यांतून एकदा थोडा वेळ जागे होते, आणि प्रत्येक जागरणात चरबीचा मोठा वाटा जळतो. बुरशीने पंखांची त्वचा पोखरली की शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल बिघडतो, जागरणे वाढतात आणि शिदोरी वसंतापूर्वीच संपते. मग उपाशी वटवाघळे भर हिवाळ्यात, दिवसाउजेडी, बर्फावर किडे शोधत बाहेर पडतात. किडे अर्थातच नसतात.

या नुकसानीचा हिशेब गुहेपुरता राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की वटवाघळे नष्ट झालेल्या अमेरिकी काउंटींत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला आणि तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. सांख्यिकीय अभ्यासाच्या मर्यादा मान्य करूनही ही आकडेवारी सहज बाजूला सारता येत नाही.

बुरशी मूळची युरोप व आशिया खंडांतली. ईशान्य चीनमधील गुहांतही ती आढळली आहे. तेथील वटवाघळांना ती लागते, पण अमेरिकेसारखा संहार होत नाही; दीर्घ सहवासाने यजमान आणि बुरशी यांच्यात एक तडजोड झालेली दिसते. जपानमध्येही अमेरिकेसारखी साथ आलेली नाही. मात्र २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा रोग घडवणाऱ्या बुरशी प्रत्यक्षात दोन आहेत. अमेरिकेत एकच पोहोचली आहे आणि तिचे मूळ युक्रेनच्या गुहांकडे निर्देश करते. दुसरी अजून महासागर ओलांडून गेलेली नाही. ती गेली, तर आजवर बचावलेल्या जातीही धोक्यात येतील.

येथेच कोबेकरांचा संबंध येतो. कोबेहून हिमेजीमार्गे उत्तरेकडे गेले की इकुनो ही जुनी चांदीची खाण लागते. तिचा आरंभ इ.स. ८०७ मध्ये झाल्याचे परंपरा सांगते; १९७३ मध्ये ती बंद झाली आणि आता पर्यटकांसाठी खुली आहे. तिच्या बोगद्यांत बाराही महिने सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमान असते. ही बुरशी सर्वांत जोमाने वाढते ती साधारण साडेबारा ते सोळा अंशांत. इकुनोत ती आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण जपानभर विखुरलेल्या अशा थंड, ओलसर बोगद्यांत तिला अनुकूल स्थिती मिळते, एवढे निश्चित. शिवाय वटवाघळे निघून गेली तरी बीजाणू गुहेच्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

सह्याद्रीची गोष्ट वेगळी. वीस अंशांच्या वर ही बुरशी वाढत नाही, आणि आपल्याकडच्या गुहा सहसा त्याहून उबदार असतात. तेथील वटवाघळे महिनोन्‌महिने निजतही नाहीत. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुंफांत राहणारे दुर्मीळ ‘रॉटनचे वटवाघूळ’ निदान या एका संकटापासून सुरक्षित आहे. हिमालयाबद्दल इतके निर्धास्त राहता येणार नाही.

आज टोकियोत, उद्या टोरांटोत आणि सुट्टीत स्लोव्हेनियात असणाऱ्या वाचकांनी म्हणूनच एक पथ्य पाळावे. एका देशातील गुहेत वापरलेले बूट, दोर, पाठपिशवी दुसऱ्या देशातील गुहेत नेऊ नये. चिखल पूर्ण घासून काढावा आणि जे साहित्य भिजवता येते ते किमान ५५ अंश तापमानाच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावे. साध्या धुलाईने बीजाणू मरत नाहीत. निजलेल्या वटवाघळांवर विजेरीचा झोत टाकू नये. रोग नसला तरी ते जागरणही त्यांना महागात पडते. कोबेतील घरांच्या छपराखाली राहणारे छोटे ‘आबुराकोमोरी’ही जपानच्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, परवानगीवाचून त्याला पकडणे वा मारणे हा गुन्हा ठरतो. त्रास होत असेल, तर ते बाहेर पडल्यावर फटी बुजवणे हाच कायदेशीर मार्ग.