मासळीची परीक्षा : कोकणातील बेने इस्रायल आणि घराची स्मृती

(धागा)

१/ बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू. त्यांच्यात एक कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. हे लोक आपल्यापैकीच आहेत काय, अशी त्याला शंका होती. त्याने तेथील स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले.

२/ स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी घेतली, उरलेली बाजूला सारली. ज्यू धर्मशास्त्राचा नियम हाच आहे. रहाबीची खात्री पटली. तो नेमका कोणत्या शतकातला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु ही जमात स्वतःच्या ओळखीचा पुरावा कोठे शोधत होती, हे कथेवरून स्पष्ट होते : ग्रंथात नव्हे, चुलीपाशी.

३/ परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी, म्हणजे साबाथच्या दिवशी, घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले, ‘शनवार तेली’.

४/ गोरेगावचा मनुष्य परगावी ‘गोरेगावकर’ होतो, त्याच रीतीने किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवे आगरचे दिवेकर झाले. भाषा मराठी, पेहराव मराठी. उरले ते थोडे : ‘शेमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवसाची सुंता, साबाथ आणि अन्नाचे नियम.

५/ सणांची हिब्रू नावे विसरली गेली. सण मात्र विसरले नाहीत. त्यांना मराठी नावे मिळाली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन झाला ‘बिरड्याचा सण’, कारण त्याच्याशी वालाचे बिरडे जोडलेले होते. नववर्ष झाले ‘नव्याचा सण’, तर आणखी एक ‘खिरीचा सण’. ज्या शोकाचे मूळ नाव लोपले, त्याला बिरड्याने जिवंत ठेवले.

६/ पदार्थांतही हीच तडजोड दिसते. मांस आणि दूध एकत्र खाणे धर्माला निषिद्ध. कोकणात उपाय दारातच उभा होता : नारळ. गोडाधोडात गाईम्हशींच्या दुधाऐवजी नारळाचे दूध आले. नववर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा त्यातच शिजतो. नवसाच्या वा मंगल प्रसंगी एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने ‘मलिदा’ होतो : गोड पोहे, खोबरे, सुकामेवा आणि फळे.

७/ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ग्रंथ परत येऊ लागले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले. १८७४ मध्ये पुण्यात पेसाह सणाचे पोथीवजा पुस्तक, ‘हग्गादा’, हिब्रू आणि मराठीत छापले गेले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. पुढे बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

८/ १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले, तेव्हा भारतात सुमारे २०,००० बेने इस्रायल होते. त्यांतील बहुसंख्य पुढील काही दशकांत तिकडे गेले आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत वसले. ज्या भूमीची आठवण बिरड्याने राखली, ती भूमी आता पायाखाली होती. येथे कथा संपावयास हवी होती.

९/ पण तेथे दुसरी परीक्षा वाट पाहत होती. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अधीन असतात. १९६२ मध्ये धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना आदेश दिला : बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह इतर ज्यूशी होत असेल, तर तिची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी.

१०/ यातील विसंगती लक्षात घ्यावी. रहाबीच्या कथेत आजीच्या हातची निवड हाच पुरावा होता. आता त्याच आजीचा पुरावा मागितला जात होता. कोकणातल्या खेड्यातील स्त्रीच्या वंशाचा कागद कोठून आणावा? समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले.

११/ ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केले की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असून त्यांच्यात व इतरांत कोणताही भेद नाही. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून जमातीचे नाव वगळले. लढा जिंकला गेला. परंतु ‘आपल्या’ घरात पोहोचल्यावरही उंबरठ्यावर थांबवले गेल्याची सल सहजी जाणारी नव्हती.

१२/ आणि मग स्मृतीची दिशाच उलटली. कोकणात असताना मलिदा जेरुसलेमची आठवण होता. इस्रायलमध्ये तोच मलिदा कोकणाची आठवण झाला. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. नातवंडे हिब्रूत बोलतात. मलिद्याचे ताट पुढे आले की मात्र त्यांच्याही तोंडी मराठी शब्दच येतो.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जहाज आणि मासळी या परंपरा आहेत. त्यांना तारखेचा आधार नाही. हग्गादा, आदेश आणि ठराव यांना तो आहे. पण परंपरा खोटी म्हणून टाकून दिली, तर कागद नसलेली माणसे स्वतःला कशी ओळखत, हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

१४/ म्हणून मित्रहो, एक विनंती. आपल्या घरी एखादा पदार्थ ठरावीक दिवशीच होत असेल, तर तो का, हे आजीला आज विचारा आणि लिहून ठेवा. बेने इस्रायलांचे ग्रंथ बुडाले, तेव्हा त्यांना तारले ते असल्याच एका ‘का’च्या उत्तराने.

(समाप्त)